व्हर्जिनियाच्या शिपायांची जमीन ओहायोत : आधी सनदा, मग तह

नदीपलीकडे :

ओहायोत कोलंबसच्या वायव्येला, सायोटो नदीच्या काठी डब्लिन हे गाव आहे. या भागात मराठी कुटुंबं बरीच आहेत. त्यांनी आपल्या घराची जुनी कागदपत्रं एकदा काढून पाहावीत. घर नदीच्या पश्चिमेला असेल तर जमिनीच्या वर्णनात अनेकदा ‘व्हर्जिनिया मिलिटरी सर्व्हे’ असे शब्द आणि पुढे एक क्रमांक सापडतो. पूल ओलांडून पूर्वेला गेलं की हे शब्द नाहीत. व्हर्जिनियाची हद्द इथून कितीतरी लांब, तरी तिचं नाव इथल्या जमिनीला कसं चिकटलं, या प्रश्नाच्या मागे मी बराच काळ आहे. जे समजलं ते मांडते.

स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात व्हर्जिनियाच्या तिजोरीत खडखडाट होता. शिपाई मिळवायचे आणि टिकवायचे तर द्यायला एकच गोष्ट होती, जमीन, आणि तीही बहुतेक स्वतःच्या ताब्यात नसलेली. इंग्लंडच्या राजाने १६०९ मध्ये दिलेल्या सनदेत वसाहतीची हद्द एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत सांगितली होती. त्या आधारावर तीन वर्षं नोकरी केलेल्या शिपायाला १०० एकर आणि कर्नलला साडेसहा हजार एकरांहून जास्त जमीन कबूल झाली. या कबुलीचा कागद म्हणजे वॉरंट. तो विकता येत असे. घरी परतलेल्या, पैशाची निकड असलेल्या कित्येक शिपायांनी तो पडेल भावात दलालांना विकून टाकला.

१ मार्च १७८४ रोजी व्हर्जिनियाने ओहायो नदीच्या वायव्येचा आपला दावा काँग्रेसला सोडून दिला. मात्र सायोटो आणि लिटल मायामी या दोन नद्यांमधला सुमारे ४२ लाख एकरांचा पट्टा सैनिकांसाठी राखला. तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग असलेल्या केंटकीतली राखीव जमीन पुरली नाही तर उरलेल्यांना इथली द्यायची, अशी ती अट.

हा पट्टा शॉनी या मूळ अमेरिकन लोकांचा मुलूख होता. त्यांची गावं याच नद्यांच्या खोऱ्यांत होती, बायका नदीकाठच्या काळ्या मातीत मका, घेवडा आणि भोपळा पिकवत, हिवाळ्यात पुरुष दक्षिणेला शिकारीला उतरत. १७८० मध्ये जॉर्ज रॉजर्स क्लार्कची केंटकीची फौज इथे आली तेव्हा तिने उभी मक्याची शेतं कापून काढली. म्हणजे ‘इथे फक्त रान होतं’ हे म्हणणं त्या फौजेलाही मान्य झालं नसतं.

आता तहांकडे येते. १७६८ च्या फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात इंग्रजांनी ओहायो नदीच्या दक्षिणेची जमीन १०,४६० पौंडांच्या बदल्यात घेतली, पण ती दिली न्यूयॉर्ककडच्या हॉडेनोशॉनी म्हणजे इरोक्वॉय संघाने. केंटकीत शिकार करणाऱ्या शॉनींना कोणी विचारलं नाही. १७७५ च्या मार्चमध्ये रिचर्ड हेंडरसनच्या खासगी कंपनीने सिकमोर शोल्स इथे चेरोकींच्या काही वडीलधाऱ्यांकडून सुमारे दोन कोटी एकर ‘विकत’ घेतले. ड्रॅगिंग कनू या तरुण पुढाऱ्याने तिथेच कडाडून विरोध केला. पुढे व्हर्जिनियाने ती खरेदी बेकायदा ठरवली आणि हेंडरसनची कंपनी बुडाली, पण तिची समजूत म्हणून ग्रीन नदीवर २ लाख एकर दिले. जमीन मात्र चेरोकींना परत मिळाली नाही. खरेदी खोटी ठरली, तरी विकणाऱ्याचा हक्क गेला तो गेलाच! हा प्रकार पहिल्यांदा वाचला तेव्हा मला दोनदा वाचावा लागला.

१७८३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका यांचा पॅरिसला तह झाला. त्यात ओहायो खोऱ्यातल्या एकाही मूळ राष्ट्राचा उल्लेख नाही. मग अमेरिकेच्या वकिलांनी, म्हणजे बोलणी करायला पाठवलेल्या प्रतिनिधींनी, नवी भाषा सुरू केली : तुम्ही ब्रिटिशांच्या बाजूने लढलात, ते हरले, म्हणजे तुम्हीही हरलात, आता आम्ही सांगू ती हद्द. याच भाषेत दोन तह झाले : १७८५ ला फोर्ट मॅकिंटॉश, १७८६ च्या जानेवारीत फोर्ट फिनी. फिनीला शॉनींचे केकेवेपेलेथे उठले आणि म्हणाले की हा देश आम्हाला देवाने दिला आहे, जमिनीचं मोजमाप आम्ही जाणत नाही, सगळी आमचीच आहे. त्यांनी काळ्या मण्यांचा वॅम्पम पट्टा पुढे ठेवला, म्हणजे युद्धाची सूचना. अमेरिकेच्या बाजूने क्लार्क आणि रिचर्ड बटलर बसले होते. त्यांनी धमकी दिली, आणि म्हाताऱ्या मोलुंथाने गावं वाचवण्यासाठी सही केली.

त्याच वर्षी शरदात बेंजामिन लोगनची केंटकीची टोळधाड शॉनी गावांवर आली. मोलुंथाने पळ काढला नाही. त्याच्याकडे अमेरिकेचा झेंडा होता, सही केलेल्या तहाची प्रत होती. तो शरण आला आणि ह्यू मॅकगॅरी नावाच्या अधिकाऱ्याने कुऱ्हाडीने त्याला ठार मारलं. त्याची बायको नॉनहेलेमा पकडली गेली. ही नॉनहेलेमा युद्धकाळात अमेरिकन किल्ल्यांना मदत करणारी, त्यापायी आपली गुरंढोरं गमावलेली बाई. आदल्याच वर्षी, १७८५ मध्ये, तिने काँग्रेसकडे या सेवेबद्दल १००० एकरांची सनद मागितली होती, ओहायोत, आपल्याच लोकांच्या मुलखात. काँग्रेसने तिला रोजचा शिधा आणि वर्षाला कपडे, घोंगड्या मंजूर केल्या. जमीन नाही. व्हर्जिनियाच्या कर्नलला साडेसहा हजार एकर मिळत होते त्याच काळातली ही गोष्ट आहे.

या पट्ट्यातली मोजणी नथॅनिएल मॅसीने १७९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच चालू केली. ओहायोच्या काठी मँचेस्टर ही तटबंदीची वस्ती १७९०-९१ च्या हिवाळ्यात उभी राहिली, तिथून मोजणीदार आत शिरत. शॉनी आणि त्यांच्या मित्रराष्ट्रांनी ही जमीन सोडल्याचा ग्रीनव्हिलचा तह झाला ३ ऑगस्ट १७९५ ला. तारखा शेजारी ठेवून पाहा. वचन युद्धकाळातलं, राखीव पट्टा १७८४ चा, मोजणी त्यानंतरची, आणि ज्यांची जमीन त्यांची सर्वमान्य म्हणावी अशी सही सगळ्यांच्या शेवटी. आपण ‘तह मोडले’ असं म्हणतो, ते खरंच आहे. पण इथे त्याच्याही आधीचं काहीतरी आहे. जमीन आधीच वाटून झालेली होती आणि तहाचं काम त्या वाटपाला मागून आधार देण्याचं होतं. तह झाला नसता तर हजारो वॉरंटं रद्दी झाली असती, त्यामुळे ‘नाही’ हे उत्तर ऐकायची सोयच कोणी ठेवली नव्हती.

कोलंबसचा फ्रँकलिंटन भागही यातलाच. लुकस सलिव्हंट हा मोजणीदार होता, त्याने १७९७ मध्ये सायोटोच्या पश्चिम काठावर ते गाव आखलं.

इथे कोणाकडे आणखी माहिती असेल तर जरूर लिहा.

मोजणीदार :

उत्तम धागा. भूमी अभिलेख खात्यात आयुष्य गेलं, त्यामुळे मोजणीचा भाग अधिक सविस्तर हवा होता. त्या पट्ट्यात साखळी कुठली वापरत? आपल्याकडे मुंबई इलाख्याच्या मोजणीत ३३ फुटी साखळी होती, म्हणून गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट आणि ४० गुंठ्यांचा एकर. आणि चतुःसीमा कशा लिहीत? दगड रोवत का?

नदीपलीकडे :

काका, तिथे गंटरची साखळी, ६६ फुटी, म्हणजे बरोबर आपल्या दुप्पट. १० चौरस साखळ्यांचा एकर. एकर दोन्हीकडे तोच.

दगड क्वचित. खुणा झाडांच्या. ‘पांढऱ्या ओकपासून अमुक दिशेला इतके पोल, दोन हिकरींपर्यंत, तिथून ओढ्याच्या वळणाने’ अशी वर्णनं असत. एक पोल साडेसोळा फुटांचा. वॉरंटवाला आपल्याला हवी ती जमीन हव्या त्या आकारात निवडू शके. त्यामुळे ओढ्याकाठची सुपीक जमीन सगळे आधी उचलत आणि मध्ये वेडेवाकडे तुकडे उरत. एकाच जमिनीवर दोन-तीन दावे बसले. झाड पडलं की खूण गेली. खटले पिढ्यान्‌पिढ्या चालले.

मोजणीदाराला रोख पैसे फार कमी मिळत. जोखमीच्या बदल्यात मोजलेल्या जमिनीचा मोठा हिस्सा त्याचा. म्हणून मॅसीसारखे लोक अफाट जमिनीचे मालक झाले. वॉरंटची नोंद ठेवणारा मुख्य मोजणी अधिकारी रिचर्ड क्लॉ अँडरसन तर ओहायो नदीच्या दक्षिणेला, केंटकीत लुईव्हिलजवळ बसत असे.

याउलट काँग्रेसने स्वतःच्या जमिनीसाठी २० मे १७८५ च्या कायद्याने चौकोनी पद्धत आणली. सहा मैल गुणिले सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ भाग, प्रत्येक ६४० एकरांचा, सोळावा भाग शाळेसाठी राखीव. तिची सुरुवात ओहायो-पेनसिल्व्हेनिया हद्दीवर थॉमस हचिन्सने केली. आज नकाशात पाहिलंत तर काँग्रेसच्या जमिनीतले रस्ते बरेचसे काटकोनात दिसतात आणि सायोटोच्या पश्चिमेला तिरपे, वळणावळणाचे.

मोजणीदार :

समजलं. मालकाने स्वतः हद्द निवडायची आणि मोजणाऱ्याने त्याच जमिनीत हिस्सा घ्यायचा, ही पद्धत कुठल्याही देशात वादच जन्माला घालणार. मोजणाऱ्याचा त्या जमिनीत काडीचाही संबंध नसावा, हा आमच्याकडचा पहिला धडा.

केंटकीतून :

काका, केंटकीत याहून वाईट झालं. व्हर्जिनियाच्या १७७९ च्या कायद्यात १ जानेवारी १७७८ पूर्वी वस्ती केलेल्याला ४०० एकर आणि शेजारचे १००० एकर घेण्याचा पहिला हक्क होता. वर खजिन्याची वॉरंटं विकली ती वेगळीच. सगळे दावे कौलांसारखे एकावर एक चढले. डॅनियल बूनने वाट पाडून दिली, पण त्याचे स्वतःचे जमिनीचे हक्क सदोष नोंदींमुळे गेले आणि तो शेवटी मिझुरीकडे निघून गेला. अब्राहम लिंकनच्या वडिलांनी १८१६ मध्ये केंटकी सोडून इंडियाना गाठलं त्याचंही मुख्य कारण जमिनीचे वाद, हे लिंकननेच लिहून ठेवलं आहे.

रोखठोक :

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण एक बाजू मांडतो. जगाचा इतिहास असाच आहे. जो जिंकला त्याची जमीन. हॉडेनोशॉनींनी दुसऱ्यांचा मुलूख विकला असं तुम्हीच लिहिता, म्हणजे या राष्ट्रांतही जोर असेल त्याचंच चाले. मग एकट्या अमेरिकेकडे बोट का?

नदीपलीकडे :

रोखठोक, तुमचा मुद्दा टाळत नाही. मूळ राष्ट्रांमध्येही लढाया होत्या, वर्चस्व होतं.

पण ‘जिंकलं म्हणून मिळालं’ हे इथे घटनाक्रमालाच धरून नाही. १७९० च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या हारमारची फौज मायामी या मूळ राष्ट्राच्या मुलखात मार खाऊन परतली. ४ नोव्हेंबर १७९१ ला वबॅश नदीच्या उगमाकडे गव्हर्नर आर्थर सेंट क्लेअरच्या छावणीवर पहाटे हल्ला झाला. मायामींचा लिटल टर्टल आणि शॉनींचा ब्लू जॅकेट पुढे होते. काही तासांत ६०० हून जास्त सैनिक मेले. मूळ राष्ट्रांनी अमेरिकन सैन्याचा केलेला हा सर्वांत मोठा पराभव. फोर्ट फिनीला धमकी देणारा रिचर्ड बटलर त्यात मारला गेला.

आणि जिंकल्याचा दावा अमेरिकेनेच मागे घेतला. युद्धमंत्री हेन्री नॉक्सने १७८९ मध्ये वॉशिंग्टनला लिहिलं की आधीपासून राहणारे म्हणून जमिनीचा हक्क त्यांचा आहे, तो त्यांच्या संमतीने किंवा न्याय्य युद्धातच घेता येईल. १७९० मध्ये कायदा झाला की केंद्राच्या जाहीर तहाशिवाय त्यांच्याकडून घेतलेली कोणतीही जमीन वैध नाही. ही कसोटी त्यांनी स्वतः लावून घेतली होती. मी त्याच कसोटीवर त्यांना मापते आहे, आजच्या नाही.

रोखठोक :

१७९० च्या कायद्याची माहिती नव्हती. ठीक. तरी शेवटी १७९४ ला फॉलन टिंबर्सची लढाई अमेरिकेने जिंकलीच ना?

नदीपलीकडे :

जिंकली. २० ऑगस्ट १७९४, जनरल अँथनी वेन. पळणाऱ्यांसाठी जवळच्या ब्रिटिश किल्ल्याने दार उघडलं नाही. मग वेनच्या फौजेने मॉमी नदीकाठची मैलोन्‌मैल शेतं जाळली. त्या हिवाळ्यात उपाशी राहिलेल्या माणसांनी पुढच्या उन्हाळ्यात ग्रीनव्हिलला सह्या केल्या.

तळटीप_वाचक :

नदीपलीकडे ताई, यात भारताचा एक धागा आहे. मी वकिलीच्या निमित्ताने वाचला, तेव्हापासून कोणाला तरी सांगायचा होता.

१७५७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने लंडनला विचारलं की भारतात आम्हाला मिळालेल्या जमिनी कोणाच्या, आमच्या की राजाच्या? प्रॅट आणि यॉर्क या राजाच्या दोन कायदा अधिकाऱ्यांनी मत दिलं : मोगल बादशहा किंवा भारतातले राजे यांच्याकडून तहाने वा दानाने मिळालेल्या जमिनीला राजाच्या वेगळ्या सनदेची गरज नाही, मालकी कंपनीची, सार्वभौमत्व राजाचं.

१७७३ च्या सुमारास या मताच्या नकला अमेरिकेत फिरू लागल्या. त्यांत मोगलाचा उल्लेख गाळलेला होता! उरलेला मजकूर अमेरिकेतल्या मूळ राष्ट्रांबद्दल असल्यासारखा वाचता येत होता. विल्यम मरे नावाच्या व्यापाऱ्याने तो कागद दाखवून १७७३ मध्ये इलिनॉय राष्ट्रांकडून मोठी जमीन खरेदी केली. १७७५ मध्ये त्याच्या साथीदारांनी पियांकशॉ राष्ट्राकडून आणखी घेतली. राजाची १७६३ ची घोषणा अशा खासगी खरेदीला सरळ मनाई करत होती, पण दलालांना आता आधार मिळाला होता. प्लासीच्या वर्षी कंपनीसाठी लिहिलेलं मत सोळा वर्षांनी मिसिसिपीच्या काठी वापरलं गेलं.

याच खरेदीवरून १८२३ चा जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश हा खटला झाला. मुख्य न्यायाधीश जॉन मार्शल यांनी खासगी खरेदी नाकारली, आणि प्रॅट-यॉर्क मत भारतातल्या राजांपुरतं आहे हेही नोंदवलं. पण त्याच निकालात त्यांनी सांगितलं की युरोपीय राष्ट्राने ‘शोध’ लावल्यामुळे अंतिम मालकी त्या राष्ट्राची आणि नंतर अमेरिकेची, मूळ राष्ट्रांकडे फक्त वहिवाटीचा हक्क. तो विकायचा तर एकाच गिऱ्हाइकाला, सरकारला.

केंटकीतून :

आणि मार्शल यांचे वडील थॉमस मार्शल हे केंटकीतले मोजणी अधिकारी, घराण्याची तिथे भरपूर जमीन. निकालामागे हेतू होता असं म्हणत नाही, पण तो माणूस या प्रश्नाकडे कोरड्या डोळ्यांनी पाहत नव्हता.

शंखपुष्पी :

एकच गिऱ्हाईक म्हणजे भाव तोच ठरवणार. ग्रीनव्हिलला नेमकं काय मिळालं?

नदीपलीकडे :

शंखपुष्पी, आकडे तहातच आहेत. एकदा २० हजार डॉलरचा माल, आणि दरवर्षी कायमचा साडेनऊ हजार डॉलरचा माल बारा राष्ट्रांमध्ये मिळून. वायन्डॉट, डेलावेर, शॉनी, मायामी, ओटावा, चिप्पेवा, पोटावाटोमी यांना प्रत्येकी १०००, इतर पाच लहान राष्ट्रांना प्रत्येकी ५००. बदल्यात सध्याच्या ओहायोचा जवळपास दोन तृतीयांश भाग. शिवाय हद्दीपलीकडे सोळा ठिकाणी लहान तुकडे, त्यातला एक शिकागो नदीच्या मुखाशी सहा मैल चौरस. पुढच्याच वर्षी काँग्रेसने जमीन विक्रीचा किमान दर एकरी २ डॉलर केला. म्हणजे पाच हजार एकरही विकले नाहीत तरी वर्षभराची सगळी रक्कम वसूल.

तहातलं सहावं कलम मी पुन्हा पुन्हा वाचते. हद्द ओलांडून कोणी गोरा वस्ती करेल तर तो अमेरिकेच्या संरक्षणाबाहेर जाईल आणि मूळ लोकांनी त्याला योग्य वाटेल ते शासन करावं, असं त्यात सरळ लिहिलं आहे. हे लिहिलं गेलं, त्यावर विश्वास ठेवला गेला. लिटल टर्टलने सही केल्यावर पुन्हा शस्त्र उचललं नाही.

मग १८०३ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष जेफरसनने गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसनला खासगी पत्र लिहिलं : सरकारी दुकानांतून त्यांच्यातल्या वजनदार माणसांना उधारीत पडू द्या, कर्ज डोईजड झालं की जमीन सोडून ते फेडायला ते तयार होतील. सावकारीची ही वाट आपल्याला अनोळखी नाही, इतकंच म्हणते. १८०९ च्या फोर्ट वेनच्या तहात हॅरिसनने एका झटक्यात सुमारे ३० लाख एकर घेतले. शॉनी पुढारी टेकुम्सेचा उठाव तिथून पेटला. त्याचं म्हणणं साधं होतं : जमीन सगळ्यांची आहे, म्हणून एकट्यादुकट्या गावाच्या सहीने ती विकली जाऊ शकत नाही. हेच म्हणणं मूळ राष्ट्रांच्या संघाने १७८६ मध्ये काँग्रेसला लेखी कळवलं होतं, आणि मोजणीदारांना ओहायो नदी ओलांडून आमच्या बाजूला येऊ देऊ नका असंही.

हिकरी :

मी वस्ती करणाऱ्यांच्या बाजूने थोडं लिहितो. ते सगळे लुटारू नव्हते. ६४० एकरांच्या आत जमीन विकायचीच नाही, तर गरीब माणूस ६४० डॉलर आणणार कुठून? १७८५ मध्ये काँग्रेसच्याच सैन्याने ओहायोच्या उत्तर काठावरच्या बेकायदा वस्त्यांची खोपटी जाळली. त्यांतले कितीतरी जण युद्धात लढलेले, वॉरंट विकून बसलेले. जमीन खाल्ली ती दलालांनी आणि कंपन्यांनी. वॉशिंग्टन स्वतः १७६७ मध्ये आपल्या मोजणीदाराला खासगीत लिहितो की राजाची १७६३ ची मनाई ही तात्पुरती सोय आहे, तोवर चांगल्या जमिनी हेरून ठेव. साध्या माणसाला पुढे ढकललं गेलं, आणि मेलाही तोच.

नदीपलीकडे :

हिकरी, याला १७९३ मध्ये मूळ राष्ट्रांनीच उत्तर दिलं आहे, आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत जवळचं वाटतं ते तेच. सेंट क्लेअरच्या पराभवानंतर अमेरिकेने तीन वकील पाठवले : बेंजामिन लिंकन, टिमथी पिकरिंग, बेव्हर्ली रँडॉल्फ. आधीच विकलेली जमीन परत घेणं अवघड, म्हणून त्यांनी मोठी रक्कम देऊ केली. मॉमी नदीच्या खळाळांजवळ जमलेल्या राष्ट्रांनी ऑगस्टमध्ये लेखी जबाब पाठवला. त्याचा आशय असा : पैशाची आम्हाला किंमत नाही, आमच्यातल्या बहुतेकांना तो ठाऊकही नाही. ज्या जमिनीवर आमच्या बायकामुलांचं पोट आहे ती कशाच्याही बदल्यात विकणार नाही. पण एक मार्ग आहे. ही वस्ती करणारी माणसं गरीब आहेत, नाहीतर ती ओहायोच्या पलीकडे अशा सततच्या धास्तीत राहायला आलीच नसती. आम्हाला देऊ केलेले पैसे त्यांना वाटून द्या. फौजा उभारायला आणि पोसायला जे खर्च करता तेही त्यात घाला. तेवढ्यात त्यांची मेहनत आणि घरं भरून निघतील.

शत्रूची गरिबी त्यांना दिसत होती, आणि त्यावर त्यांनी हिशोबासकट उपाय सुचवला होता. वकिलांनी बोलणी मोडली. वर्षभरात वेन आला.

हिकरी :

हा जबाब मी वाचला नव्हता. गरीब वस्तीवाल्याची इतकी रास्त दखल त्याच्या स्वतःच्या सरकारने घेतली नव्हती.

फिंगरलेक्स :

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेला राहते. त्याच पिकरिंगने पुढच्या वर्षी इथे कॅनन्डाग्वाला हॉडेनोशॉनींशी तह केला, ११ नोव्हेंबर १७९४. वर्षाला साडेचार हजार डॉलरचा माल, आणि त्यात कापड. ते कापड अमेरिकेचं सरकार आजही पाठवतं. किंमत तीच धरायची म्हणून आता वाट्याला अगदी थोडं येतं, पण राष्ट्रं ते घेतात, कारण घेतलं की तह जिवंत आहे हे दोन्ही बाजूंनी मान्य होतं. दर ११ नोव्हेंबरला गावात जाहीर स्मरण असतं. मी मुलांना घेऊन गेले आहे. सेनेका, ओनोंडागा लोक भाषणं करतात आणि ‘आपला तह’ असं म्हणतात. तो तह समोर बसलेल्या माझ्यासारख्या नव्या नागरिकालाही लागू आहे, हे तिथे पहिल्यांदा नीट कळलं.

तळटीप_वाचक :

कायद्यातही हे मेलेलं नाही. १७९० च्याच कायद्याच्या आधारावर ओनायडा राष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात १९८५ मध्ये निकाल मिळवला, की न्यूयॉर्क राज्याने १७९५ मध्ये केंद्राला डावलून घेतलेल्या जमिनीबद्दल ते दावा करू शकतात. २०२० च्या मॅकगर्ट निकालात मस्कोगी क्रीक राष्ट्राची ओक्लाहोमातली राखीव हद्द काँग्रेसने कधीच रद्द केली नव्हती, म्हणून फौजदारी कायद्यासाठी ती कायम आहे, असं ठरलं.

शंखपुष्पी :

आणि ओहायोतले लोक कुठे गेले? तिथे आज एकही मान्यताप्राप्त राष्ट्र नाही असं वाचलं.

नदीपलीकडे :

बरोबर, केंद्राची मान्यता असलेलं एकही नाही. वापाकोनेटाचे शॉनी १८३२ मध्ये पश्चिमेला धाडले गेले. शेवटचे वायन्डॉट १८४३ च्या जुलैमध्ये अप्पर सँडस्कीहून निघाले. आज शॉनींची तीन राष्ट्रं आहेत, तिन्ही ओक्लाहोमात. वायन्डॉट आणि मायामींचंही तिथे सरकार आहे. लोक संपलेले नाहीत, हलवलेले आहेत. ओहायोच्या शाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलांना हा फरक माहीत असावा असं मला फार वाटतं.

परतीच्या काही वाटाही उघडल्या आहेत. अप्पर सँडस्कीचं मिशन चर्च आणि दफनभूमी मेथडिस्ट चर्चने २०१९ मध्ये वायन्डॉट राष्ट्राला परत दिली. ओहायोतल्याच ऑक्सफर्ड गावच्या मायामी विद्यापीठात मायामी राष्ट्राबरोबर चालवलेलं केंद्र आहे. तिथे बोलणारं कोणी न उरलेली भाषा जुन्या लिखित नोंदींतून पुन्हा उभी केली, आता मुलं ती शिकतात. झीनियाजवळ ओल्डटाऊनला, जुन्या शॉनी गावाच्या जागी, २०२४ मध्ये ग्रेट कौन्सिल स्टेट पार्क सुरू झालं. त्यातली माहिती तिन्ही शॉनी राष्ट्रांशी बोलून लिहिली आहे. कोलंबस, डेटन, सिनसिनाटी कुठूनही दिवसात जाऊन येण्यासारखं आहे.

मोजणीदार :

मुलगा डेटनला आहे, उन्हाळ्यात येतोय. मूळ वॉरंट बघायला मिळतात का?

नदीपलीकडे :

नक्की या काका. व्हर्जिनियाची वॉरंटं आणि त्यांच्या नोंदी रिचमंडच्या राज्य ग्रंथालयात आहेत. आत्ताच्या जमिनीची मालकी कोणाकडून कोणाकडे आली ते बघायचं तर त्या त्या काउंटीच्या रेकॉर्डर कचेरीत जुनी पुस्तकं मिळतात, तिथले लोक मदत करतात. सर्व्हेचा क्रमांक आधी लिहून न्या, त्यावरूनच पान सापडतं. आणि सेंट क्लेअरचा पराभव झाला त्या जागी, फोर्ट रिकव्हरीला, जाणार असाल तर ग्रीनव्हिल वाटेवरच आहे, दोन्ही एका दिवसात होतात.